पाटीवर दुकानाचं नाव आहे, माणसाचं कुठे आहे?

प्रति,
मा. मुख्यमंत्री,
मा. कामगार मंत्री,
आणि मा. भागीदारी संस्था निबंधक,
महाराष्ट्र राज्य.

विषय: प्रत्येक दुकानाच्या आणि व्यवसायाच्या नावामागच्या मालकाची नोंद सर्वांना पाहता यावी, याबाबत.

सविनय नमस्कार.

मी आणि माझी धाकटी जाऊ सोलापूरच्या पूर्व भागात शाळेचे गणवेश शिवतो. सहा मशिनी आहेत, एक ओव्हरलॉक आहे, आणि चार बायका आमच्याकडे नगावर शिवायला येतात. काज-बटण बाहेरून करून घेतो. फेब्रुवारीत कापड आणायचं, मार्च-एप्रिलमध्ये कटिंग, मेअखेर माल दुकानात पोचवायचा आणि जूनमध्ये शाळा उघडल्या की पैशाची वाट बघायची, असं आमचं वर्ष चालतं. सोलापुरात गणवेशाचा धंदा करणारी अशी कितीतरी घरं आहेत. त्यांतलंच आमचं एक. मोठ्या कारखान्यांशी आमची तुलना नाही.

शेजारच्या जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी गणवेशाचं एक दुकान होतं. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण हे पत्र त्या एका माणसाबद्दल नाही. बाजारपेठेत, एसटी स्टँडच्या रस्त्यावर, ठळक मराठी अक्षरांत पाटी. त्या दुकानाला आम्ही तीन हंगाम माल दिला. पहिल्या वर्षी पैसे वेळेवर आले. दुसऱ्या वर्षी निम्मे जुलैत आणि निम्मे दिवाळीला. तिसऱ्या वर्षी त्यांनी दुप्पट माल मागितला. बावीसपासून छत्तीसपर्यंतच्या साइजचे शर्ट, हाफ पँट, मुलींचे पिनोफ्रॉक, सगळं. आम्ही दिलं. चालत्या दुकानाला नाही म्हणायला धीर होत नाही.

त्या वर्षीचे 2,36,400 रुपये आजपर्यंत आलेले नाहीत.

ऑगस्टमध्ये फोन लागेना म्हणून आम्ही दोघी एसटीने तिथे गेलो. शटर अर्धं उघडं होतं, आत तेच रॅक, तोच काउंटर, आणि पाटी रंगवणारा शिडीवर चढून जुन्या नावावर पांढरा हात मारत होता. आतल्या मुलाने सांगितलं, "ते गेले. आता आम्ही आहोत. आमचा त्यांच्याशी संबंध नाही." कुठे गेले, तर माहीत नाही. नाव काय त्यांचं, तर तो हसून म्हणाला, "शेठच म्हणायचे सगळे." माझ्याही मोबाइलमध्ये तो नंबर "शेठ युनिफॉर्म" या नावानेच होता. तीन वर्षं व्यवहार केलेल्या माणसाचं पूर्ण नाव मला ठाऊक नाही, हे मला त्या दिवशी त्या फुटपाथवर उभं राहून कळलं.

ही आमची गाफिली होती, मान्य आहे. पण त्यानंतर ते नाव शोधायला निघाले तेव्हा जे दिसलं, त्यासाठी हे उघडं पत्र लिहिते आहे.

घरी येऊन आम्ही सगळे कागद काढले. त्यांच्या दुकानाची पोच म्हणून आमच्याकडे कच्ची बिलं होती. वर छापलेलं दुकानाचं नाव, खाली रबरी शिक्का, "करिता" आणि त्यापुढे एक वेलांटीसारखी सही. वाचता येत नाही अशी. पैसे ज्या खात्यांवरून आले ते बघितलं. तीन वेळा पैसे आले होते आणि तिन्ही वेळा स्क्रीनवर वेगवेगळ्या माणसांची नावं. एक बाईमाणूस, दोन पुरुष. मालक कोण, नोकर कोण, पाहुणा कोण, काही कळायला मार्ग नाही. जीएसटीचा क्रमांक पाटीवरही नव्हता आणि बिलावरही नव्हता. नुसता माल विकणाऱ्याला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत तो साधारणपणे घ्यावाच लागत नाही. आमच्याकडेही नाही.

मग वकिलांकडे गेलो. त्यांनी कागद चाळले आणि विचारलं, "प्रतिवादी कोण?" मी दुकानाचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "हे नाव झालं. माणूस सांगा." दिवाणी प्रक्रिया संहितेत, आदेश 30 नियम 10 मध्ये, सोय आहे. दुसऱ्या नावाने धंदा करणाऱ्या माणसावर त्या धंद्याच्या नावाने दावा लावता येतो. पण समन्स कुणाच्या हातात द्यायचं? हुकूम झाला तर जप्ती कुणाच्या घरावर न्यायची? वकील म्हणाले, "ताई, पाटीवर दावा लागेल, पण वसुली पाटीकडून होत नाही."

आणि त्यांचा पुढचा प्रश्न आमच्यावरच होता. "तुमची दोघींची भागीदारी नोंदलेली आहे का?"

नव्हती. पाचशेच्या स्टँपवर करार केला होता आणि त्यावर बँकेत खातं निघालं होतं. आम्हाला वाटलं होतं की झालं. भारतीय भागीदारी कायदा 1932 चा आहे. त्यात नोंदणीची सक्ती नाही. पण कलम 69 सांगतं की नोंदणी नसलेल्या भागीदारी संस्थेला करारातल्या हक्कासाठी तिसऱ्या माणसावर दावा करता येत नाही. शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्याला तेवढी सूट आहे. 1932 साली शंभर रुपये ही मोठी रक्कम असेल. मूळ कायद्यात तो आकडा आजही तसाच छापलेला आहे. शंभर रुपयांत आज आमच्याकडे एक हाफ पँट कापडासकट शिवून निघत नाही. म्हणजे ज्याने पैसे बुडवले त्याचं नाव कुठेच नाही म्हणून तो सुटतो, आणि आमची नोंद नाही म्हणून आम्ही कोर्टाच्या दारातच अडतो.

आधी नोंदणी करा आणि मग दावा लावा, असं वकिलांनी सांगितलं. आधी लावलेला दावा नंतरच्या नोंदणीने बरा होत नाही. दावा लावायची मुदत तीन वर्षांची. आम्ही नोंदणी केली. त्या अर्जात संस्थेचं नाव, धंद्याची जागा, प्रत्येक भागीदार कधी आली ती तारीख, पूर्ण नावं आणि कायमचे पत्ते लिहावे लागतात. हे सगळं निबंधकांच्या नोंदवहीत जातं, आणि फी भरून ती नोंदवही कुणालाही बघता येते, असं त्याच कायद्याचं कलम 66 सांगतं. हे वाचलं तेव्हा मला खरंच बरं वाटलं. उद्या आमच्याशी कुणी व्यवहार केला तर या दोन बायका कोण, हे त्याला कळू शकतं. असं त्या शेठबद्दल मला का कळू नये?

तो एकटा मालक असेल तर त्याच्यासाठी अशी नोंदवहीच नाही. महाराष्ट्रात बहुतेक लहान दुकानं एकट्या मालकाचीच असतात, आणि माझं सगळ्यात मोठं गाऱ्हाणं तेच आहे. कंपनी असेल तर कंपनी कायदा 2013 चं कलम 12 म्हणतं की नाव आणि नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता प्रत्येक जागेच्या बाहेर लावा, पत्रांवर आणि बिलांवर ओळख क्रमांक, फोन, ईमेल लिहा. नाही लिहिलं तर दिवसाला हजार रुपये दंड, एक लाखापर्यंत. जीएसटीत नोंद असेल तर प्रमाणपत्र दर्शनी जागी आणि क्रमांक पाटीवर लावायचा. तो क्रमांक संकेतस्थळावर टाकला की व्यापारी नावासमोर कायदेशीर नाव येतं. एकट्या मालकाचं दुकान असलं तर ते त्या माणसाचंच नाव असतं. म्हणजे ही गोष्ट करता येते, आणि सरकारकडे ती करण्याची रीतही आहे. पण जिथे माझ्यासारख्या लहान लोकांचे लहान लोकांशीच व्यवहार होतात, नेमकी तिथे ती नाही.

पूर्वी निदान गुमास्ता, म्हणजे दुकानाचा परवाना, होता. 1948 च्या मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियमाखाली दुकानाची नोंदणी व्हायची आणि प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावायचं असे. माझ्या सासऱ्यांचं चादरीचं लहानसं दुकान होतं. देवाच्या फोटोशेजारी गुमास्ताची चौकट, काचेवर उदबत्तीची काजळी, आणि आत टाइपात त्यांचं पूर्ण नाव. गिऱ्हाइकाने मान वर केली की मालक कोण ते दिसायचं. 2017 मध्ये नवा कायदा आला आणि दहापेक्षा कमी माणसं कामाला असलेल्या दुकानांना नोंदणीतून सूट मिळाली. फक्त ऑनलाइन सूचना द्यायची आणि पोचपावती घ्यायची. माहिती मालकाने स्वतः भरायची.

मी त्या सवलतीच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगते. नूतनीकरणासाठी सासऱ्यांनी मारलेल्या खेपा मी पाहिलेल्या आहेत. दुपारचं दुकान बंद ठेवून ते कचेरीत बसून राहायचे आणि "उद्या या" ऐकून परत यायचे. ते दिवस कुणाला नको आहेत. पण त्रासाबरोबर ती चौकटही गेली, आणि तिच्या जागी काहीच आलं नाही.

त्या तालुक्याच्या संबंधित कार्यालयात मी गेले होते. अमुक दुकानाची सूचना कुणाच्या नावाने आली आहे, एवढंच विचारलं. मला सांगण्यात आलं की ती खासगी माहिती आहे. बाजारपेठेत पाटी लावून, लोकांकडून उधारीवर माल घेऊन धंदा करणाऱ्या माणसाचं नाव खासगी कसं? त्याचा आधार क्रमांक मी मागितला नव्हता, त्याच्या घरी किती माणसं आहेत हेही विचारलं नव्हतं. धंदा कुणाचा, एवढाच प्रश्न होता. उद्यमची, म्हणजे लघुउद्योगांसाठीच्या केंद्र सरकारच्या नोंदणीची, नोंद असेल तर तिथे बघा, असं कुणीतरी सुचवलं. उद्यमचा क्रमांक हाती असेल तर पडताळणी होते. पण नाव गाव ठाऊक नसलेल्या माणसाचा क्रमांक मी कुठून आणायचा?

याच राज्याने पाट्यांसाठी केवढा आग्रह धरला, तेही आठवून पाहा. 2022 मध्ये 2017 च्याच कायद्यात दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी सक्तीची झाली. मराठी अक्षर इतर लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान चालणार नाही, हेही लिहिलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 25 सप्टेंबर 2023 रोजी न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. मला त्याचा आनंद झाला होता. आमची पाटी तर पहिल्यापासून मराठीतच आहे. पण शासन पाटीवरच्या अक्षराची उंची मोजायला माणूस पाठवू शकतं, तर त्या पाटीखाली मालकाचं नाव आहे का, हे त्याच माणसाला बघायला सांगणं अवघड नाही. त्या शेठचीही पाटी कायद्याप्रमाणे अगदी बरोबर होती. ठळक, मराठीत, पहिल्या ओळीत.

दुसरं उदाहरण घरांचं. बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या महारेराने 1 ऑगस्ट 2023 पासून बांधकाम प्रकल्पांच्या जाहिरातीवर क्यूआर कोड सक्तीचा केला. मोबाइल धरला की प्रकल्पाची नोंद समोर येते. तसाच चौकोन दुकानाच्या दारावर का असू नये? पैसे घेण्यासाठी तो आज भाजीच्या गाडीवरही आहे.

वकिलांच्या कार्यालयातच मला आणखी एक गोष्ट कळली. इंग्लंडात 1916 साली व्यवसायांच्या नावांची नोंदणी करणारा कायदा झाला होता. पुढे 1981 च्या कायद्याने ती नोंदवही त्यांनी बंद केली. पण तसं करताना दुसरी सक्ती आणली. स्वतःच्या नावाऐवजी दुसऱ्या नावाने धंदा करायचा असेल तर पत्रांवर, बिलांवर, पावत्यांवर मालकाचं खरं नाव आणि नोटीस पोचेल असा पत्ता लिहायचा, दुकानातही लावायचा. 2006 च्या कंपनी कायद्यात ही तरतूद आजही आहे. नोंदवही मोडली तरी नाव झाकू दिलं नाही. आपण गुमास्ता हलका केला तेव्हा एवढं केलं असतं, तर मला हे पत्र लिहावं लागलं नसतं.

पैसे गेले त्याचं काय झालं, तेही सांगते. कापडाच्या व्यापाऱ्याचे 90 हजार द्यायचे होते. जाऊबाईंनी भिशी उचलली, ती मुलीच्या फीसाठी ठेवलेली होती. चार बायकांची मजुरी आम्ही एक दिवसही थांबवली नाही, कारण त्यांनी माल शिवून दिला होता आणि त्यांचा त्या शेठशी काही संबंध नव्हता. त्यातली एक मला म्हणाली, "वहिनी, तुम्हाला तरी कुणावर ओरडायचं ते माहीत आहे का?" तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

यात फसवणूक झाली की नुसती बुडीत उधारी, हे मी ठरवत नाही. कदाचित तो माणूसही अडचणीत आला असेल. त्याचं नाव कळलं असतं तर मी त्याच्या घरी जाऊन बसले असते, हप्ते बांधून घेतले असते. धंद्यात असे प्रसंग येतात आणि बोलून सुटतात. पण त्यासाठी समोर कोणीतरी असावं लागतं.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत.

1. नोंदणीतून सूट असलेल्या लहान दुकानांकडून जी ऑनलाइन सूचना घेतली जाते, तिच्यातल्या चार गोष्टी लोकांना खुल्या करा: दुकानाचं नाव, मालकाचं पूर्ण नाव, धंदा कधीपासून आहे ती तारीख, आणि नोटीस पोचेल असा पत्ता. दुकानाच्या नावावरून आणि गावावरून शोधता आलं पाहिजे. नवा फॉर्म नको, नवी फी नको, खेप नको. माहिती तुमच्याकडे आहेच.

2. पाटीवर दुकानाच्या नावाखाली मालकाचं किंवा भागीदारांचं नाव मराठीत, रस्त्यावरून वाचता येईल असं. बिलावर आणि कच्च्या पावतीवरही तेच. शिक्क्यातही.

3. घरून काम करणाऱ्या बायकांचा विचार करा. आमच्यासारख्या कितीतरी जणी घरातच शिवतात, मसाले कुटतात, डबे देतात. घरचा पत्ता सगळ्या जगाला दिसावा असं कुणालाच वाटणार नाही. त्यांना नोटिशीसाठी दुसरा पत्ता देता यावा, बचत गटाचा किंवा वकिलाचा. मी ज्यासाठी भांडते आहे ते नाव आहे. कुणाच्या दारात गर्दी व्हावी असं मला वाटत नाही.

4. दुकान हातोहात बदललं तर जुन्या मालकाने ते नोंदवावं आणि दारावर तीस दिवस सूचना लावावी. तशी नोंद होईपर्यंत त्या नावाने घेतलेल्या उधारीला जुना मालक बांधील राहील, असा नियम करा. भागीदारी संस्थेत बदल झाला किंवा ती मोडली तर निबंधकांना कळवण्याची तरतूद 1932 च्या कायद्यात आहे. तीच गोष्ट एकट्या मालकाला लागू करायची आहे.

5. कलम 69 मधली शंभर रुपयांची मर्यादा वाढवा. भागीदारी हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो, आणि 1984 मध्ये महाराष्ट्राने याच कलमात स्वतःची दुरुस्ती केली होती. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीतलं एक उपकलम रद्द केलं, तरी राज्य या कलमाला हात लावू शकतं हे त्यातून दिसतंच. मर्यादा किती असावी ते तज्ज्ञांनी ठरवावं. ती निदान एका लहान धंद्याच्या एका हंगामाएवढी तरी असावी.

6. बँकेत भागीदारीचं खातं उघडताना आणि स्टँपवर करार करताना, नोंदणी नसेल तर दावा करता येणार नाही, हे एका ओळीत मराठीत लिहून सांगण्याची व्यवस्था करा. आम्हाला ते कुणी सांगितलं नाही, आणि विचारायचं असतं हेही आम्हाला माहीत नव्हतं.

यामुळे लहान दुकानदारांवर बोजा पडेल, इन्स्पेक्टर पुन्हा दारात येतील, असं म्हटलं जाईल याची मला कल्पना आहे. मी स्वतः लहान धंदेवालीच आहे. नाव सांगणं मला बोजा वाटत नाही. ज्या दुकानाला मी माल देते त्याचा मालक कोण हे न कळता उधारी देणं हा मला बोजा वाटतो. आणि लपवण्यासारखं काही नसलेल्या दुकानदाराला याचा फायदाच आहे. आज त्याच्याही पाटीकडे आम्ही संशयाने बघतो आणि त्यालाही रोखीने माल घे म्हणतो. या वर्षी नव्या दोन दुकानांना आम्ही उधारी नाकारली. दोन्ही माणसं कदाचित चांगली असतील.

नोंदणी झाल्यावर आम्ही आमची पाटी पुन्हा रंगवून घेतली. खाली दोघींची पूर्ण नावं, आणि त्याखाली निबंधकांकडचा नोंदणी क्रमांक. पेंटरने त्या दोन ओळींचे 250 रुपये जादा घेतले. तुमच्या नियमाचा आमच्यासारख्यांना येणारा खर्च साधारण एवढाच आहे.

आमच्या दाव्याची मुदत अजून संपलेली नाही. त्या माणसाचं नाव अजून मिळालेलं नाही. मागणी क्रमांक 1 साठी कायदा बदलावा लागतो की साध्या शासन निर्णयाने ते होईल, एवढं तरी लेखी कळवावं, ही विनंती.

आपली,
भागीदार, गणवेश शिलाई व्यवसाय,
सोलापूर